माझा संदेश त्याने वाचला

माझा आवाज गेला तेव्हा मला पहिली आठवण झाली ती देवाची नव्हे, प्रशांतची. आता व्यासपीठावर तो उभा राहणार, हा विचार आधी आला. आपल्या घशाचं काय व्हायचं, हा नंतर. पाळकाने असं लिहू नये हे मला कळतं. पण अनुभव सांगायचा तर खरा सांगावा, नाहीतर गप्प बसावं, आणि गप्प बसणं त्या तीन आठवड्यांत मला पुरेसं झालेलं आहे.

रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी एकोणीस वर्षं पाळक आहे. मूळचा नगरचा. चिऱ्याच्या भिंतींचं आणि कौलांचं आमचं मंदिर, साठ-सत्तर माणसं, त्यांत निम्म्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या आजी-माजी नर्सेस, बाकी शिक्षक, कारकून आणि त्यांची कुटुंबं. त्यांची लग्नं मी लावली, मुलांचे बाप्तिस्मे केले, म्हाताऱ्यांना मूठमाती दिली. तरी मी त्यांच्या लेखी ‘घाटावरचे पाळकसाहेब’च राहिलो. मला त्याचं दुःख नव्हतं, कारण माझ्याकडे माझे संदेश होते, म्हणजे रविवारची प्रवचनं. दर संदेशाचे तीन मुद्दे, प्रत्येक मुद्दा वहीत लिहिलेला, भाषा घासूनपुसून लख्ख. उपासना संपल्यावर कोणीतरी म्हणायचंच, साहेब, आज काय सुंदर बोललात. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर मी पुढच्या रविवारपर्यंत जगत असे.

आवाज जाण्याच्या दोन वर्षं आधी आमच्या पंथाच्या मुख्य कचेरीने प्रशांतला माझ्या हाताखाली उमेदवारीसाठी पाठवलं. तो जयगडचा. तिथल्या बंदरात क्रेनवर इलेक्ट्रिशियन होता. चांगली नोकरी सोडून शास्त्राचं शिक्षण घेतलं आणि आमच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायला आला. दोन वर्षं मी त्याला पाहायचं, शिकवायचं, आणि मग माझ्या शिफारशीवर त्याला पाळकपदाची दीक्षा मिळायची, अशी आमच्यातली रीत आहे. त्याचा पहिला संदेश अकरा मिनिटांचा होता. मुद्दे नव्हतेच. क्रेनवर उंच बसलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही, खाली उभा असलेला जो हात करील त्यावरच भरवसा ठेवून त्याला ओझं उतरवावं लागतं, एवढंच त्याने सांगितलं, आणि आपण प्रभूच्या हाताकडे असं बघतो का, असं विचारून तो खाली बसला. मी मनात म्हटलं, यात शास्त्र कुठे आहे? इकडेतिकडे पाहिलं तर चार-पाच बायका डोळे पुसत होत्या.

नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. नऊ दिवस गेले, नऊ महिनेही गेले. आमच्याकडे उपासना संपली की पाळक दारात उभा राहतो, आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याचा हात हातात घेऊन सलाम म्हणतो. आता दारात आम्ही दोघं उभे राहायचो. लोक माझा हात धरून सोडायचे आणि त्याचा धरून थांबायचे. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाची साखर, कोणाची सून रुसून गेलेली, सगळं त्याच्या कानात. मी पुढच्या माणसाकडे पाहून हसत असायचो आणि कान तिकडे असायचे. तो बोलणार असेल त्या रविवारी मी माणसं मोजू लागलो. माझ्या रविवारी बासष्ट, त्याच्या रविवारी ऐंशी. मागच्या बाकांवर बंदरातले त्याचे जुने सोबती येऊन बसायचे, आणि त्यांना पाहून मला आनंद व्हायला हवा होता.

एकदा आंब्याची पेटी आली. आमच्या फाटकाशी रिक्षावाल्याने उतरवली, वर नाव प्रशांतचं. एकोणीस वर्षांत मला आंबे मिळाले नाहीत असं नाही, पण पेटी कधी आली नव्हती. त्याने ती तशीच उचलून आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि माझ्या पत्नीला म्हणाला, बाई, मी एकटा किती खाणार? त्याने ती लपवून एकट्याने संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्या घरी त्या दिवशी आमरस झाला. मी पोट बिघडलंय म्हणून ताक पिऊन उठलो.

पण सगळ्यात खोल लागलं ते सुमतीबाईंचं. सुमतीबाई सिव्हिलच्या निवृत्त नर्स, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचकमिटीत आहेत. त्यांचे यजमान वारले तेव्हा मी चार दिवस त्यांच्या घरून हललो नव्हतो. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आदल्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी प्रशांतला बोलावलं. मला नंतर म्हणाल्या, तुम्ही कामात असता साहेब, म्हणून म्हटलं त्याला सांगावं. मी म्हटलं, छान केलंत. घरी येऊन मी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि इतकी आदळआपट केली की पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने बघितलं आणि परत गेली.

त्या वैशाखात कचेरीतून गोपनीय अहवालाचा कागद आला. त्यावर दोनच प्रश्न होते. उमेदवाराचा संदेश सुवार्तेला धरून आहे काय? उमेदवाराचे वर्तन सेवकाला साजेसे आहे काय? खाली माझी सही. खाडीपलीकडे गुहागरच्या बाजूला नवीन मंडळी उभी राहत होती आणि तिथे प्रशांतला पाठवायचं जवळपास ठरलं होतं. अहवाल चांगला गेला तर महिनाभरात दीक्षा. नाहीतर ती जागा दुसऱ्याला, आणि हा आणखी एक वर्ष उमेदवार, कदाचित पुढेही. मी पेन्सिलीने लिहिलं: संदेशात खोली नाही. वर्तनात लोकप्रियतेची ओढ दिसते. एक वर्ष थांबवावे. वाचून पाहिलं. भाषा छान उतरली होती. सोमवारी शाईने पक्कं करू म्हणून कागद खणात ठेवला.

त्याच आठवड्यात आवाज गेला. त्याला कारणही मीच. प्रशांत माइकशिवाय बोलायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून मीही दोन महिने माइक बाजूला सारून ओरडत होतो. गुरुवारी सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वरतंतूंवर सूज आहे म्हणाले, आणि तीन आठवडे पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. घरी येऊन मी देवाला मनातल्या मनात पुष्कळ बोललो. इतकी वर्षं तुझंच सांगितलं, मग माझाच आवाज का? ज्याच्याकडे मुद्दे नाहीत त्याचा का नाही? उत्तर आलं नाही. माझी त्या दिवसांत प्रार्थनेवरची श्रद्धा उडाली होती असं म्हटलं तरी चालेल. पत्नीने हळदीचं दूध पुढे ठेवलं आणि म्हणाली, “अहो, घसा डॉक्टरांना दाखवलात. पोटातल्या दुखण्याचं काय करणार आहात?” मी दुधाचा पेला उचलून खोलीत गेलो.

रविवार तोंडावर आला. आमच्या मंडळीत पाळक आजारी असला की त्याचा लिहिलेला संदेश दुसऱ्या कोणी वाचून दाखवायचा प्रघात आहे. वाचणाऱ्याने पदरचा एकही शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही. मला युक्ती सुचली. व्यासपीठ प्रशांतला द्यावंच लागणार होतं, पण शब्द माझे असतील. मी दोन दिवस बसून संदेश लिहिला. विषय घेतला, सुवार्तेच्या सेवकाचा संदेश आणि त्याचं वर्तन. तीन मुद्दे. पहिलं पान सगळ्यांना लागू होईल असं. पुढची तीन पानं एकट्या प्रशांतला. काही सेवकांना वेदीपेक्षा दारातली गर्दी प्रिय असते, असं मी लिहिलं. जो आपल्या जुन्या धंद्याच्या गोष्टी सांगून लोकांना रडवतो तो वचन सांगत नाही, स्वतःला सांगतो, असं लिहिलं. आणि हेही लिहिलं की मासळी बाजारात उभं राहून हास्यविनोद करणाऱ्या सेवकाच्या अंगाला वचनाचा नव्हे, बाजाराचा वास येतो. प्रशांत दर शनिवारी मिरकरवाड्याला जाऊन सुमतीबाईंसाठी मासळी आणायचा हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. लेकी बोले सुने लागे, असं आपण म्हणतो. मी सुनेलाच बोलायला लावणार होतो.

रविवारी उपासनेला दहा मिनिटं असताना मी पाकीट त्याच्या हाती दिलं आणि माझ्या खिशातल्या वहीवर लिहून दाखवलं: जसेच्या तसे वाच. त्याने मान डोलावली. मी झगा न घालता साध्या सदऱ्यात पुरुषांच्या बाजूला चौथ्या बाकावर बसलो. एकोणीस वर्षांत त्या बाजूने व्यासपीठ मी पाहिलंच नव्हतं.

गीत चालू असताना एक साठीचा गृहस्थ आत आला. हातात थर्मास आणि पिशवी, पायांत रबरी चपला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, बसलो तर चालंल ना? मी सरकून जागा दिली. बायको पलीकडच्या दवाखान्यात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, अकरापर्यंत आत सोडत नव्हते. दार उघडं दिसलं, पंखा दिसला, म्हणून आलो, असं त्याने सांगितलं. मी वहीवर लिहिलं की मला बोलायची मनाई आहे. त्याने वाचून समजल्यासारखी मान हलवली आणि थर्मास बाकाखाली ठेवला.

प्रशांत वाचू लागला. पहिलं पान त्याने मनापासून वाचलं. माझीच वाक्यं, पण तो वाचत असताना ती मला जरा जड वाटली. मग पान उलटलं. दारातल्या गर्दीचं वाक्य आलं आणि तो थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला चौथ्या बाकावरून दिसल्या. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, याची मला आजही लाज वाटते. आता हा एखादं वाक्य गाळेल, अडखळेल, चिडेल, आणि मग मला अहवालात लिहायला आणखी एक ओळ मिळेल, असं माझ्या मनात होतं. तो वाचत राहिला. आधीपेक्षा हळू, प्रत्येक शब्द नीट. क्रेनच्या गोष्टीवरचा टोमणा वाचला. मासळी बाजाराचं वाक्य वाचलं तेव्हा बायकांच्या बाजूला सुमतीबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. काही माना माझ्याकडे वळल्या.

शेजारचा माणूस माझ्या कानाशी वाकला. “ह्या पोरानं सवताचं नाय लिवलान ना ह्ये?” मी नकारार्थी मान हलवली. “वाटलंच. ज्यान लिवलान त्येच्या पोटात कायतरी सलतंय बगा.”

संदेश संपला. प्रशांतने कागदांची घडी घातली. पदरचा शब्द घालायचा नाही ही रीत त्याने पाळली. शेवटची प्रार्थना मात्र वाचणाऱ्याची असते. तो म्हणाला, प्रभू, आजचं मला लागलं आहे, त्यातलं जे खरं असेल त्यात मला सुधार. आणि आमच्या पाळकसाहेबांना त्यांचा आवाज परत दे, आम्हाला तो हवा आहे. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर मी शोधून काढला असता. आणि हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. इथेही हाच जिंकला, असं वाटलं.

शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले. शेजारच्या माणसाला गीत येत नव्हतं, मला गायची मनाई. दोघे नुसते उभे होतो. त्या गाण्याच्या आवाजाखाली तो माझ्याशी बोलला. त्यांच्या गावात भजनी मंडळ होतं, त्यात हा थोरला आणि याचा धाकटा भाऊ. पेटी याच्याकडे, पण गळा धाकट्याला. गणपतीत आरत्यांना लोक म्हणायचे, धाकट्याला पुढे घ्या. हा त्याला सरळ कधी बोलला नाही. देवापुढे मिरवू नये, देवाला गळा नको भाव हवा, असं सगळ्यांसमोर म्हणत राहिला. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण सगळा रोख भावावर. “म्हनून मला लगेच कळला,” तो म्हणाला. “मी आसाच बोलायचो. देवाचा नाव घेऊन. त्येनं भजनात यायचं सोडलान. मंग मुंबयला गेला तो परत आलाच नाय. आता आरतीला मीच पुडं आसतो. पन डोळं मिटलं की त्येचाच गळा आयकायला येतो.”

गीत संपायच्या आत त्याने थर्मास उचलला, अकरा वाजत आले म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. मी त्याचं नाव विचारू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात जाऊन आलो, पण कुणाची चौकशी करायची हेच मला लिहिता येईना. त्याला कोणी पाठवलं होतं असा दावा मी करत नाही. पंख्याखाली बसायला आला होता. पण माझा आवाज शाबूत असता तर मी व्यासपीठावर असतो आणि तो माणूस माझ्या कानाशी आला नसता, एवढं मला कळतं.

त्या दिवशी दारात प्रशांत एकटाच उभा होता. मी रांगेत शेवटी उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या रांगेत मी कधी उभा राहिलो नव्हतो. वहीत लिहिलं: ते वचन नव्हते. माझा मत्सर होता. मला क्षमा कर. माझी पाळी आली तेव्हा ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं आणि वही मिटून माझ्या हाती परत दिली. मग म्हणाला, “साहेब, बाजाराचं खरं आहे. मला तिथं बरं वाटतं म्हणून मी जातो. सेवा-बिवा नाय ती.” मी नाही नाही म्हणून मान हलवत होतो. तो पुढे म्हणाला, “मी क्षमा केलीय. पण तुम्ही बोललात सगळ्यांसमोर, आणि क्षमा मागताय एकट्याकडं. सुमतीबाई रडत गेल्या. त्यांना वाटतंय, त्यांच्या मासळीपायी मला ऐकावं लागलं.”

हे त्याने उद्धटपणे म्हटलं नाही. एखादा मुलगा बापाला सांगतो तसं सांगितलं. पाळकाचं वर्तन कसं असावं यावर मी चार पानं लिहिली होती, आणि हे त्यांत कुठेच नव्हतं. संध्याकाळी मी खणातला कागद काढला, पेन्सिलीचं खोडलं आणि शाईने लिहिलं: संदेश सुवार्तेला धरून आहे. वर्तन माझ्याहून चांगले आहे. त्वरित दीक्षा द्यावी. सही केली आणि सोमवारी सकाळी पोस्टात टाकून आलो. हे लिहिताना मन हलकं वगैरे झालं नाही. दात उपटल्यासारखं दुखलं.

पुढच्या रविवारीही माझं मौन होतं. मी आठ ओळी लिहिल्या. त्या वाचायला प्रशांतला सांगणं म्हणजे पुन्हा त्याच्याच खांद्यावर ओझं देणं होतं, म्हणून सुमतीबाईंच्या घरी जाऊन कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो तिथे उघडला नाही. उपासनेत संदेशाच्या वेळी त्या पुढे आल्या, मी त्यांच्या बाजूला सगळ्यांसमोर उभा राहिलो. त्यांनी वाचलं की मागच्या रविवारचा संदेश प्रभूचा नव्हता. तो मी आपल्या सहकाऱ्याला दुखवण्यासाठी लिहिला आणि त्यालाच वाचायला लावला. दोन वर्षं मी त्याचा हेवा करत आलो आहे. त्याच्या अहवालातही मी ते विष घालणार होतो. मंडळीने मला क्षमा करावी. मी फरशीकडे पाहत होतो.

वाचून झालं. सुमतीबाई जागेवर जायला हव्या होत्या. त्या गेल्या नाहीत. वाचणाऱ्याने पदरचं घालायचं नाही, ही रीत त्यांनी त्या दिवशी मोडली. “साहेब,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे आम्हाला ठाऊक होतं. बुधवारी आम्ही बायका प्रार्थनेला बसतो ना, तिथं वर्षभर दर वेळी पहिलं नाव तुमचंच घेतो. पाळकीणबाईंनी सांगितलं होतं, ह्यांना आतून त्रास होतोय, सांभाळून घ्या.”

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. माझी पत्नी दुसऱ्या बाकावर पदराने तोंड झाकून बसली होती. तिच्या मागे त्या सगळ्या, ज्यांनी दारात माझा हात लवकर सोडला म्हणून मी मनात हिशेब ठेवला होता. कोण कोणाकडे जास्त थांबतं हे मी मोजत होतो, आणि त्या दर बुधवारी माझ्यासाठी गुडघे टेकत होत्या. मला बोलायची मनाई होती. रडायची नव्हती.

प्रशांतची दीक्षा त्याच महिन्यात झाली. मी इतर पाळकांसोबत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझा आवाज परत आला, पण बारीक, मध्येच फाटतो, आणि माइकशिवाय चालत नाही. मत्सर पुरता गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं की गुहागरला त्याच्या उपासनेला लोक व्हरांड्यात उभे असतात, आणि पोटात नेहमीच्या जागी दुखलंच. पूर्वी मी ते दुखणं लपवायचो आणि त्याला सिद्धांताची वस्त्रं चढवायचो. आता आहे तसं प्रभूपुढे ठेवतो, की हे बघ, आजही आलं, तूच घे. समर्पण म्हणजे काही मोठं असतं असं मी व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितलं. मला तरी ते एवढ्याच आकाराचं भेटलं, आणि ते रोज नव्याने करावं लागतं. मी सगळं लपवत असताना ज्यांनी माझं नाव टाकलं नाही त्यांचा आणि प्रभूचा मी ऋणी आहे. गुहागरचं ते ऐकलं त्याच दिवशी पत्नीला सांगून बुधवारच्या प्रार्थनेत प्रशांतचं नाव घ्यायला लावलं, आणि माझंही चालू ठेवा म्हटलं.